फाशी, अपील आणि बाबासाहेब

नवी दिल्ली : दिवाळीच्या तोंडावर, २९ ऑक्टोबर २००५ च्या संध्याकाळी, पहाडगंजच्या गजबजलेल्या बाजारात स्फोट झाला. त्या संध्याकाळी सरोजिनी नगर आणि गोविंदपुरी येथेही स्फोट झाले आणि साठहून अधिक माणसे प्राणास मुकली. ज्यांना आरोपी म्हणून उभे करण्यात आले त्यांच्यापैकी दोघांची दिल्लीच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पूर्ण निर्दोष मुक्तता केली. तिसऱ्यावरही स्फोटांचा आरोप शाबीत झाला नाही. बेकायदा कारवायांच्या कायद्याखाली त्याला झालेली शिक्षा त्याने निकालापूर्वीच भोगलेली होती. सुटलेल्या दोघांनी अकरा वर्षांहून अधिक काळ कच्चे कैदी म्हणून काढला होता आणि ज्या कलमांखाली त्यांच्यावर खटला चालला त्यांत देहान्त शिक्षेची तरतूद होती. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवून फाशी दिली असती तर पुढे काय, हा प्रश्न या खटल्यात उद्भवला नाही. इतर अनेक खटल्यांत तो उद्भवतो आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी संविधानाच्या १३४ व्या अनुच्छेदात दडलेले आहे.

तो अनुच्छेद संविधान सभेपुढे मांडणाऱ्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नावाची वास्तू, आंबेडकर भवन, याच पहाडगंजच्या अंगाला राणी झाशी मार्गावर उभी आहे. बाबासाहेबांचे अर्थशास्त्र, महाडचा सत्याग्रह, पुणे करार, हिंदू संहिता विधेयक, धम्मदीक्षा हे सारे मराठी वाचकाला परिचित आहे. फाशीच्या शिक्षेविषयी त्यांनी काय म्हटले आणि त्यापैकी किती घडवून आणले, हा भाग मात्र त्यांच्या चरित्रांत बहुधा एखाद्या ओळीत आटोपतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सुभेदार सैन्यात शिक्षक होते. एल्फिन्स्टन महाविद्यालय, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशी शिक्षणाची वाट चालत असतानाच त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास केला आणि १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मुंबईला परतल्यावर सनदेचे शुल्क भरण्याइतकाही पैसा त्यांच्यापाशी नव्हता. नवल भथेना या पारशी मित्राच्या मदतीने ती अडचण दूर झाली आणि १९२३ च्या जुलैपासून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरकडे काम यायचे ते सॉलिसिटरच्या हातून. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बॅरिस्टरकडे कागद सोपवायला सॉलिसिटर राजी नसत. त्यामुळे बाबासाहेबांच्या वाट्याला आली ती प्रामुख्याने जिल्ह्याच्या ठिकाणची कामे आणि गरीब पक्षकार. ज्याच्यापाशी वकिलाला देण्यास पैसा नाही, ज्याची साक्ष गावात कोणी देत नाही, ज्याच्या शब्दापेक्षा पाटलाचा शब्द वजनदार ठरतो, असा माणूस न्यायालयात किती उघडा पडतो हे त्यांनी जवळून पाहिले. उत्पन्नाला आधार म्हणून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. पुढे सरकारी विधी महाविद्यालयात ते प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले.

१९२६ मध्ये एक खटला त्यांच्याकडे आला. दिनकरराव जवळकर यांनी लिहिलेल्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अतिशय जहाल टीका होती. लेखक जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे आणि प्रस्तावनाकार केशवराव बागडे यांच्यावर पुण्यात अब्रुनुकसानीची फिर्याद झाली आणि खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली. अपिलाचे काम बाबासाहेबांनी पाहिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अपील मान्य होऊन आरोपी सुटले. ब्राह्मणेतर चळवळीच्या इतिहासात या निकालाला स्थान आहेच. वकील म्हणून बाबासाहेबांचे नाव महाराष्ट्रभर झाले तेही याच कामाने. एका न्यायालयाने दोषी ठरविलेला माणूस दुसऱ्या न्यायालयात निर्दोष ठरू शकतो, हा अनुभव त्यांनी आपल्या मेहनतीने कमावला होता. प्रत्येक वेळी यश आले असे मात्र नाही. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरावरून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच.

मधल्या काळात देशाला हादरविणाऱ्या फाशीच्या शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. २३ मार्च रोजी लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना. लाहोरचा खटला वटहुकूम काढून नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणापुढे चालला होता. आरोपींच्या गैरहजेरीतच कामकाज उरकण्यात आले आणि निकालावर उच्च न्यायालयात अपिलाची सोय नव्हती. लंडनची प्रिव्ही कौन्सिल तेवढी उरली होती, तिने अर्ज दाखलही करून घेतला नाही. बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्रात १३ एप्रिल १९३१ रोजी या फाशींवर ‘तीन बळी’ या शीर्षकाचा अग्रलेख आला. विलायतेतील हुजूरपक्षाला आणि तिथल्या लोकमताला खूष ठेवण्याच्या राजकारणापायी हे तीन जीव गेले, न्यायाची बूज राखण्यासाठी नव्हे, असा त्याचा रोख होता. क्रांतिकारकांचा मार्ग योग्य की अयोग्य, या वादात न शिरता अग्रलेखाने शिक्षेमागच्या हेतूवर बोट ठेवले. त्या दिवसांतील भावनेच्या लाटेत असे लिहिणारी पत्रे थोडी होती.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून बाबासाहेब दिल्लीत आले आणि आयुष्याची उरलेली वर्षे त्यांचा मुक्काम बहुतांशी याच शहरात राहिला. स्वातंत्र्यानंतर ते कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष. प्रकृती मधुमेहाने पोखरली होती. तशा अवस्थेत त्यांनी संविधान सभेत एकेका अनुच्छेदावर जवळपास प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले.

फाशीचा प्रश्न सभेपुढे प्रथम आला तो नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस, अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद मंजूर झाला त्याच सुमारास. संयुक्त प्रांतातील सदस्य झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती सुचविली की, हिंसेचा अवलंब करणाऱ्या राजद्रोहाचा अपवाद सोडून देहान्त शिक्षा रद्द करावी. त्यांचा पहिलाच मुद्दा निवाड्याच्या चुकीचा होता. न्यायाधीश हाही माणूस, त्याच्या हातून चूक होऊ शकते आणि फाशी दिल्यावर ती चूक दुरुस्त करण्याची वाट उरत नाही. अमियकुमार घोष यांनी उत्तर दिले की, हा विषय संविधानाचा नसून विधिमंडळाचा आहे. बाबासाहेबांनी लांब भाषण केले नाही. दुरुस्ती आपणास मान्य नाही एवढेच सांगितले आणि सभेने ती फेटाळली. बाबासाहेबांना फाशीविरोधी म्हणून गौरविणारे हा प्रसंग सहसा सांगत नाहीत. तो सांगितल्याखेरीज पुढच्या जूनमधील त्यांच्या भूमिकेचे वजन कळत नाही.

जून १९४९ मध्ये चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांवर आली. १९३५ च्या कायद्याखालील फेडरल कोर्टाला फौजदारी अपिलांचा सर्वसाधारण अधिकार नव्हता. फाशी झालेल्या माणसाला शेवटचा दरवाजा लंडनचा, आणि तोही विशेष परवानगी मिळाली तर. आता सर्वोच्च न्यायालय येथेच होणार होते. तेव्हा फाशीची शिक्षा झालेल्या प्रत्येकाला तेथे अपिलाचा हक्क असावा, अशी अनेक सदस्यांची मागणी होती. गोरखपूरकडचे प्राध्यापक शिब्बनलाल सक्सेना यांनी फाशीच्या कोठडीचा स्वतःचा अनुभव सभेला सांगितला. जे खून त्यांनी केलेच नव्हते त्यांपायी माणसे फासावर जाताना त्यांनी पाहिली होती. पैसेवाल्याला वरच्या न्यायालयापर्यंत पोहोचता येते, दरिद्री माणूस खालीच संपतो, हे त्यांचे सांगणे होते. फाशीच रद्द व्हावी, असे त्यांचेही मत होते.

३ जून रोजी बाबासाहेबांनी या मागणीला जे उत्तर दिले ते सभेला बहुधा अनपेक्षित असावे. प्रत्येक फाशीवर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क देण्यास ते अनुकूल नव्हते. तसे करण्यापेक्षा देहान्ताची शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ, म्हणजे हा वादच मिटेल, अशी त्यांची भूमिका होती. त्याला त्यांनी दिलेला आधार कायद्याच्या पुस्तकातला नव्हता. हा देश अहिंसेचे तत्त्व मानतो, लोक ते आचरणात आणत नसतील, तरी शक्य तेवढे पाळावे असा नैतिक आदेश म्हणून ते स्वीकारतात आणि म्हणून या देशाने फाशी पूर्णपणे काढून टाकणे उचित ठरेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. भावनेच्या आवाहनापासून कटाक्षाने दूर राहणाऱ्या, दाखला आणि तर्क यांवर भिस्त ठेवणाऱ्या या कायदेपंडिताने येथे परंपरेचा आधार घेतला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्या दिवसांची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यायला हवी. महात्मा गांधींच्या हत्येच्या खटल्यात लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला होता. आठपैकी एक आरोपी निर्दोष, दोघांना फाशी, पाच जणांना जन्मठेप. त्यावरील अपिलाची सुनावणी नेमक्या याच काळात सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयात चालू होती. २१ जून रोजी तिचा निकाल लागला. दोघांची फाशी कायम झाली, पण जन्मठेप झालेल्या पाच जणांपैकी दोघे निर्दोष ठरून सुटले. साऱ्या देशाचे लक्ष लागलेल्या, नामवंत वकिलांनी लढविलेल्या खटल्यातही पहिल्या न्यायालयाने दोषी ठरविलेल्या सात जणांतील दोघांची शिक्षा वरच्या न्यायालयात टिकली नाही. आडगावच्या, वकील नसलेल्या आरोपीच्या बाबतीत हे प्रमाण काय असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

सभा फाशी रद्द करण्याकडे वळली नाही. तेव्हा जूनच्या मध्यात बाबासाहेबांनी मधला मार्ग मांडला. तोच आजचा अनुच्छेद १३४. सत्र न्यायालयाने सोडून दिलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने दोषी ठरवून फाशी दिली असेल, किंवा खालच्या न्यायालयातील खटला उच्च न्यायालयाने स्वतःकडे घेऊन फाशी दिली असेल, तर सर्वोच्च न्यायालयात अपील हा त्या माणसाचा हक्क राहील. अन्य बाबतींत उच्च न्यायालयाने योग्यतेचे प्रमाणपत्र दिले तर अपील करता येईल. यामागचा तर्क वकिलाचा होता. या दोन प्रकारांत माणूस प्रथमच दोषी ठरतो तो उच्च न्यायालयात, म्हणजे त्या निष्कर्षाची दुसऱ्या कोणी तपासणी केलेलीच नसते. एकदा तरी फेरतपासणी झाल्याखेरीज कोणाचाही जीव घेतला जाऊ नये, हे त्याचे सूत्र. सत्र न्यायालयाने फाशी दिली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली, तर एक तपासणी झालेली असते, म्हणून तेथे हक्काचे अपील नाही. अशा कैद्याला अनुच्छेद १३६ खाली विशेष परवानगी मागावी लागते. सक्सेनांचा दरिद्री माणूस बहुतेक वेळा नेमका याच गटात मोडतो. तर्क चोख होता, पण ही फट राहिली.

आणखी एका ठिकाणी बाबासाहेबांनी अशीच भरपाई करण्याचा प्रयत्न केला. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये, असे आजचा अनुच्छेद २१ सांगतो. ती कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही हे न्यायालयाने पाहावे की नाही, यावर १९४८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी दोन्ही बाजू मांडून निर्णय सभेवर सोपविला होता. सभेने अरुंद शब्दयोजना पसंत केली. त्यावर देशभरातून नाराजी व्यक्त झाली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवा अनुच्छेद आणला. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, हे आज अनुच्छेद २२ मध्ये आहे. निरपराध माणूस खोट्या खटल्यात अडकतो तो बहुधा या पहिल्या चोवीस तासांत, हे फौजदारी वकिली केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्याच अनुच्छेदाने प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा दिली. त्याबद्दलची टीका रास्त आहे.

फाशी रद्द व्हावी असे सभेत म्हणणाऱ्या कायदामंत्र्याने तसे विधेयक मात्र आणले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांची सारी शक्ती हिंदू संहिता विधेयकावर खर्ची पडली होती. १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता त्यांच्या संपूर्ण मंत्रिपदाच्या काळात तशीच राहिली. खुनाच्या खटल्यात फाशी न देता कमी शिक्षा दिली तर न्यायाधीशाने त्याची कारणे लिहावीत, असा तिचा दंडक होता. म्हणजे फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद. संसदेने १९५५ मध्ये तो दंडक काढून टाकला. त्यानंतरच्या वर्षी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीतील २६ अलीपूर रोड येथील निवासस्थानी बाबासाहेबांचे निधन झाले.

अखेरच्या काळात त्यांनी लिहिलेल्या आणि त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार पुन्हा येतो. बुद्धाने अहिंसेला तत्त्व मानले, आंधळेपणाने पाळावयाचा नियम नव्हे, अशी मांडणी त्यांनी तेथे केली आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत ते भेद करतात. अपराध्याला शासन होणे त्यांना गैर वाटत नव्हते. १९४९ मधील त्यांची भूमिका या चौकटीत ठेवून पाहिली तर ती हळव्या दयेची ठरत नाही.

पुढे कायदा बाबासाहेबांच्या दिशेने अर्धा सरकला. १९७० च्या अधिनियमाने सर्वोच्च न्यायालयातील फौजदारी अपिलांची कक्षा वाढली. उच्च न्यायालयाने सुटका उलटवून जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली कैद दिली तरी अपिलाचा हक्क मिळाला. १९७३ च्या संहितेने फाशी द्यायची तर विशेष कारणे नोंदविणे बंधनकारक केले. १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फाशी वैध ठरविली, पण ती दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणांपुरती मर्यादित केली. फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन अर्ज किमान तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकावेत, असे २०१४ मध्ये ठरले. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. त्या अहवालात बाबासाहेबांच्या जून १९४९ मधील भूमिकेची आणि सक्सेनांच्या अनुभवाची नोंद आहे.

अपिलाच्या जिन्याला आणखी एक पायरी जोडून भागेल का, या त्यांच्या शंकेला महाराष्ट्रातील एका खटल्यात उत्तर मिळाले. जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतातील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाला. भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, तेव्हा त्या न्यायालयाने जन्मठेप झालेल्या तिघांचीही शिक्षा वाढवून पुन्हा फाशी केली. ज्या न्यायालयाच्या दारापर्यंत गरिबाला पोहोचता यावे म्हणून संविधान सभेत वाद झाला होता, त्याच न्यायालयात या तिघांचा फास परत आला. पुनर्विलोकन अर्जही फेटाळला गेला. त्यांच्यापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे उघड झाले.

शिक्षेची अंमलबजावणी झाली नव्हती, म्हणूनच पुढचे घडू शकले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरविले. जिवंत वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या नोंदीतील छायाचित्रांवरून वेगळ्याच चार माणसांना ओळखले होते आणि तो भाग दडवून ठेवण्यात आला होता, हे न्यायालयाच्या निदर्शनास आले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचा आदेश राज्य सरकारला झाला. सहा जणांची जवळपास सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. साक्षीदाराने ओळखलेल्या त्या चौघांवर खटला झालाच नाही आणि पाच माणसे गमावलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने गुन्हेगार आजही मोकळे आहेत.